ऊर्जा हीदेखील अमानत आहे



वाहत्या नदीच्या काठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण मुलांना आवर्जून सांगतो. जे पाणी पुढे वाहतच राहणार आहे, त्याच्या वापराचाही हिशेब आहे. मग एकदा जाळल्यावर पुन्हा हाती न येणाऱ्या कोळशाचा आणि तेलाचा हिशेब नसेल काय? त्यांच्या ज्वलनातून निघणारा कार्बन वायू पृथ्वीचे तापमान वाढवतो. जाळणारा एक असतो आणि दुष्काळ, महापूर सोसणारा बहुधा दुसराच. म्हणून हा प्रश्न विज्ञानाइतकाच अद्लचा, म्हणजे न्यायाचाही आहे.

अल्लाहने मानवाला पृथ्वीवर खलीफा नेमले, मालक नव्हे. सृष्टीत त्याने मीझान, अर्थात संतुलन राखले आणि इसराफ, म्हणजे उधळपट्टी, निषिद्ध ठरवली. याच तत्त्वांच्या आधारे ऑगस्ट 2015 मध्ये इस्तंबूल येथे जमलेल्या मुस्लिम विद्वानांनी हवामानबदलाविषयी एक जाहीरनामा प्रसिद्ध केला आणि संपन्न व तेलउत्पादक राष्ट्रांनी या कार्यात पुढाकार घ्यावा, असे आवाहन केले. परंतु तत्त्व धोरणात कसे उतरते? यासाठी मोरोक्कोचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे.

अनुदान कोणाच्या पदरी?

मोरोक्कोत तेलाचे साठे जवळजवळ नाहीत. तो देश आपल्या गरजेची बहुतांश ऊर्जा आयात करीत आला आहे. सरकार पेट्रोल-डिझेलवर अनुदान देत असे. अनुदान प्रत्येक लिटरमागे असल्याने ज्याच्या दारी मोटारी अधिक, त्यालाच लाभ अधिक मिळे. ज्याच्यापाशी वाहनच नाही, त्याच्या वाट्याला फारच थोडे येई. 2014 मध्ये पेट्रोलवरील अनुदान थांबले, डिझेलवरील टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि 2015 च्या अखेरीस इंधनाचे दर मुक्त करण्यात आले. मात्र गरिबाच्या चुलीशी निगडित असलेल्या स्वयंपाकाच्या गॅसवरील अनुदान त्या वेळी कायम ठेवले गेले. सुधारणा आवश्यक असली तरी तिचा भार दुर्बलाच्या खांद्यावर प्रथम पडू नये, हा यातील बोध होय.

वाळवंटातील ‘नूर’

फेब्रुवारी 2016 मध्ये सहारा वाळवंटाच्या सीमेवरील वरझाझात शहराजवळ ‘नूर’ या सौर प्रकल्पाच्या 160 मेगावॅट क्षमतेच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. येथे वक्र आरसे सूर्यकिरण एकवटून उष्णता निर्माण करतात. ती उष्णता वितळलेल्या क्षारांत साठवली जाते, त्यामुळे सूर्यास्तानंतरही काही तास वीज मिळते.

मात्र या पहिल्या टप्प्यात यंत्रे थंड करण्यासाठी पाणी लागते, आणि हा प्रदेश तर अवर्षणग्रस्त. दुसऱ्या व तिसऱ्या टप्प्यात म्हणून हवेने थंड करण्याची पद्धत स्वीकारली गेली. हरित म्हटलेले प्रत्येक कार्य आपोआप निर्दोष ठरत नाही. मीझान तेथेही तपासावे लागते.

मस्जिद आणि भांडवल

मोरोक्कोने मस्जिदींतही कमी वीज खाणारे दिवे, सौर पॅनेल आणि सौर पाणीतापक बसवण्याचा कार्यक्रम हाती घेतला. मराकेशच्या प्राचीन कुतुबिया मस्जिदीवरही आज सौर पॅनेल आहेत. जकार्ताच्या इस्तिकलाल मस्जिदीच्या छतावर पाचशेहून अधिक पॅनेल आहेत.

अशा कार्यांसाठी लागणारे भांडवल व्याजाशिवाय उभे राहील काय? इंडोनेशिया सरकारने मार्च 2018 मध्ये हरित सुकूक काढून 1.25 अब्ज डॉलर उभे केले. सुकूकमध्ये गुंतवणूकदाराचा वाटा एखाद्या मालमत्तेत असतो आणि मोबदला व्याजाऐवजी तिच्या भाड्यातून वा नफ्यातून मिळतो. त्याच इंडोनेशियात आजही बहुतांश वीज कोळशावरच निर्माण होते, हेही विसरता कामा नये. मार्ग सापडला म्हणजे मजल गाठली, असे नव्हे.

आपल्या दारी

आता दृष्टी आपल्या घराकडे वळवू या. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत घराच्या छतावरील सौर यंत्रणेसाठी 78,000 रुपयांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. उरलेली रक्कम उभी करताना व्याजी कर्जाचा प्रश्न येईल. तेथे आलिमांचा सल्ला घ्यावा, बिनव्याजी पतसंस्था किंवा आप्तांकडील कर्जे-हसनाचा मार्ग शोधावा. ही योजना घरांसाठी आहे. मस्जिदीसाठी जमातीनेच निधी उभारावा. मस्जिदीचे वीजबिल वर्षानुवर्षे घटवणारे पॅनेल ही सदका-ए-जारिया का ठरू नये?

परंतु पॅनेलच्या आधी आणखी एक पायरी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही. जमात पांगल्यानंतर रिकाम्या सभागृहात फिरत राहिलेले पंखे, लग्नघरी दिवसाढवळ्या जळणारी रोषणाई, वलीम्यानंतर फेकले जाणारे अन्न हा सारा इसराफच आहे. तो थांबवल्याशिवाय बसवलेले पॅनेल उधळपट्टीलाच वीज पुरवील.

या महिन्यात मस्जिद समितीच्या बैठकीत वर्षभराची वीजबिले एकत्र मांडून पाहा. घरीही मुलांसमवेत तेच करा. अमानतीचा हिशेब उद्या द्यावयाचाच आहे. तो आजच मांडण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणां सर्वांस देवो. आमीन.