रोजनाम्यात काय लिहिलंय?

त्या सकाळी अंगणात पेरणीसाठी सोयाबीन निवडत बसलो होतो. हवालदार गाडीवरून उतरला, चहा नको म्हणाला आणि घडी केलेला कागद पुढे केला. पकड वॉरंट. नाव माझंच.

"अहो, ती केस तर सरकारने मागे घेतली," मी म्हणालो.

"ते कोर्टाला सांगा काका. मला तुम्हाला न्यावंच लागतंय."

केस २०१७ ची. त्या साली तूर अमाप पिकली होती. २२ एप्रिलला सरकारी खरेदी बंद झाली, तेव्हा केंद्रांबाहेर ट्रॅक्टरांच्या रांगा तशाच उभ्या होत्या. हमीभाव बोनस धरून ५०५० रुपये, आणि व्यापारी मागत होते त्याच्या कितीतरी खाली. आम्ही लातूर-नांदेड रस्त्यावर अहमदपूरजवळ बसलो, माझे साडू पुढे लोहा तालुक्यात. रस्ता एक, मागणी एक, पण जिल्हे दोन, म्हणून गुन्हेही दोन. आमच्याकडे गर्दीतून आलेल्या दगडाने एसटीची मागची काच फुटली. त्यांच्याकडे पुढची फुटली आणि ती चालकाच्या हातात घुसली. दोन्हीकडे सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीचं कलम लागलं. शिक्षा पाच वर्षांपर्यंत.

पाच वर्षं तारखा केल्या. २०२२ मध्ये बातमी आली की जीवितहानी नसलेले आणि पाच लाखांच्या आतल्या नुकसानीचे आंदोलनातले खटले सरकार मागे घेणार. एका पुढाऱ्याचा फोन आला, "झालं, सुटलो आपण." मी तारखेला जाणं सोडलं. माझं चुकलं ते इथे, आणि अजूनही कितीतरी जण इथेच चुकतात.

शासन निर्णय म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. मंत्रिमंडळाने ठरवलं, समितीने यादी पाठवली, तरी त्या कोर्टातल्या सरकारी वकिलाने कागद वाचून, स्वतःचा विचार करून अर्ज द्यावा लागतो आणि कोर्टाने त्याला संमती द्यावी लागते. जुन्या संहितेत हे कलम ३२१ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते ३६० आहे. कोर्ट नाहीही म्हणू शकतं. केरळ विधानसभेत २०१५ साली आमदारांनी तोडफोड केली. तो खटला मागे घ्यायचा असं तिथल्या सरकारने ठरवलं, तरी २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मागे घेऊ दिला नाही.

दुपारी वकीलबाईंनी दंड भरून वॉरंट रद्द करून घेतलं आणि रोजनामा माझ्यासमोर उघडला. पानामागून पान: 'आरोपी गैरहजर'. मागे घेण्याचा अर्ज कुठेच नाही. कारण साधं होतं. आमच्यात आरोपी क्रमांक एक माजी आमदार, आणि आजी-माजी आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घ्यायचा नाही, असा सुप्रीम कोर्टाचा ऑगस्ट २०२१ चा आदेश आहे. कागद औरंगाबाद खंडपीठाच्या वाटेवर अडकलेले, आणि मी घरी निश्चिंत.

पुढच्याच तारखेला आमच्यावर आरोप ठेवले गेले. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, विचारलं, "गुन्हा कबूल आहे का?" नाही म्हणताना माझा आवाज फुटेना. बाहेर व्हरांड्यात आल्यावर वकीलबाई म्हणाल्या, "काका, घाबरू नका. एका अर्थी हे तुमच्या फायद्याचंच झालं."

त्याचा अर्थ कळायला मला वर्ष लागलं. आरोप ठेवण्याआधी खटला मागे घेतला तर आरोपी नुसता 'मुक्त' होतो. आरोप ठेवल्यावर, किंवा आरोप ठेवावाच लागत नाही अशा किरकोळ प्रकरणात मागे घेतला, तर 'निर्दोष मुक्त' होतो. निर्दोष सुटलेल्यावर त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालत नाही. नुसता मुक्त झालेल्यावर चालू शकतो. मुदतीचा आधार असतो, पण तो तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांनाच. त्याहून मोठ्या गुन्ह्याला मुदतच नाही.

साडूंची केस आरोप ठेवायच्या आधीच मागे घेतली गेली होती. त्यांनी गावात पेढे वाटले. दीड वर्षाने समन्स आलं. त्या एसटीचालकाने स्वतः कोर्टात फिर्याद केली होती, जबर दुखापतीची. खटला मागे घेताना त्याला कुणी विचारलंच नव्हतं. नव्या संहितेत पीडिताला म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कोर्टाला परवानगी देता येत नाही. कायद्यात मला सगळ्यात पटलेली सुधारणा हीच.

म्हणून ज्यांच्या घरात अशी केस आहे त्यांना कळकळीने सांगतो. कोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत एकही तारीख चुकवू नका. फोनवर कोण काय म्हणालं ते सोडा, ई-कोर्टच्या साइटवर केस नंबर टाकून स्वतः बघा. हुकमाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि त्यात 'मुक्त' लिहिलंय की 'निर्दोष', हे वकिलाला विचारा. वॉरंट निघालं असेल तर ते रद्द झाल्याचा कागद ठाण्यात स्वतः पोचवा. 'फिर्यादीने केस मागे घेतली' हे गावात सर्रास ऐकू येतं, त्यावर विसंबू नका. तडजोड होऊ शकते ती कायद्याने मुभा दिलेल्या गुन्ह्यांतच, बाकीच्यांसाठी खंडपीठापर्यंत जावं लागतं. आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, फॉर्मवर केस लपवू नका. सुटलेली केसही लिहा. लपवलेल्या केसपायी मिळालेली नोकरी जाऊ शकते.

खटला मागे घेतल्याचा माझा हुकूम २०२४ मध्ये झाला. एक पान, खाली 'निर्दोष मुक्तता'. त्याच्या पाच नकला काढल्या आणि एक सातबाऱ्याच्या पिशवीत ठेवली.

साडूंच्या तारखा चालू आहेत. मागच्या तारखेला मी त्यांच्यासोबत नांदेड जिल्ह्यातल्या त्या कोर्टात गेलो होतो. बाकावर शेजारीच तो चालक बसला होता. पाण्याची बाटली उघडताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मिटेनात. साडूंनी दगड मारला नव्हता, हे मला माहीत आहे. त्यांनी बाटली घेतली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली, आणि दोघं पुकारा होईपर्यंत गप्प बसून राहिले.