एकच गिऱ्हाईक दोनदा आलं, तर बिल नंबर कुठला?

व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, पायथनचा लूप फिरताना आत्ता कितवी ऑर्डर चालू आहे, हे कसं कळणार?" चला, उदाहरणानेच बघू.

समजा, शिरवळला तुमचं पुठ्ठ्याचे बॉक्स बनवायचं छोटं युनिट आहे. आज तीन ऑर्डरी आहेत: लोणंद, भोर आणि दुपारी पुन्हा लोणंद. कालचं शेवटचं बिल ४०, म्हणजे आज ४१ पासून सुरुवात.

साधा फॉर लूप एकेक गाव हातात देतो, पण ते कितवं हे सांगत नाही. मग काही जण 'इंडेक्स' वापरून गावाची जागा शोधतात. घोळ इथंच होतो. इंडेक्स ते नाव पहिल्यांदा जिथं सापडेल तीच जागा सांगतो, आणि मोजणी शून्यापासून करतो. उत्तर येतं ०, १, ०. त्यात ४१ मिळवा: ४१, ४२ आणि परत ४१! एका नंबरची दोन बिलं झाली.

जीएसटी नोंदणी असेल तर हे चालत नाही. नियम ४६ प्रमाणे बिल नंबर ओळीने हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये.

उपाय सोपा आहे:

ऑर्डर = ["लोणंद", "भोर", "लोणंद"]
फॉर क्रमांक, गाव इन एन्युमरेट(ऑर्डर, ४१):
    प्रिंट(क्रमांक, गाव)

(फॉर, इन, एन्युमरेट, प्रिंट आणि आकडा इंग्रजीत टाइप करा, स्पेलिंग व्हिडिओत आहे. बाकीची नावं पायथन ३ मध्ये मराठीत चालतात.)

आता येईल ४१ लोणंद, ४२ भोर, ४३ लोणंद. टेम्पोत खोकी चढवताना आपण खोकं कुणाचं ते बघत नाही, चढेल तसं मोजतो. एन्युमरेट तेच करतो. नंबर नावाला नाही, जागेला मिळतो.

दोन गोष्टी विसरू नका. रद्द झालेली ऑर्डर लूपच्या आत गाळली तर तिचा नंबर वाया जातो, म्हणून आधी यादीतून काढा. आणि दिवसाचा शेवटचा नंबर फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर उद्या पुन्हा ४१ पासूनच सुरू होईल!

गृहपाठ: भोरची ऑर्डर रद्द झाली असं समजा. किती नंबर येतात, ते स्वतः चालवून बघा.