दिवे मालवूनही लाइट बिल उतरत का नाही?

प्रश्न : आम्ही घरात चौघे. एसी नाही. खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद करायची सगळ्यांना शिस्त आहे. मुलं विसरली तर बोलणी खातात. तरीही दर महिन्याला २२०-२३० युनिट पडतातच. शेजारच्या काकू म्हणतात, शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळीच युनिट महाग दराने लागतात. हे खरं आहे का? गॅसही पूर्वीइतका पुरत नाही. काटकसर करायची तरी नेमकी कुठे?

उत्तर : शिस्त चांगली आहे, ती मोडू नका. फक्त तिचा रोख चुकीच्या वस्तूवर आहे. तो कसा, ते आधी पाहू. काकूंच्या शंकेकडे आणि गॅसकडे मग वळू.

हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. म्हणजे बिल दोनच गोष्टींवर ठरते : उपकरण किती वॅटचे आहे आणि ते किती तास चालते. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट खायचा. आजचा ९ वॅटचा एलईडी तेवढेच तास लावला तर दीड युनिटसुद्धा होत नाही. घरात असे सहा दिवे धरले तरी महिन्याचे युनिट ८. कडक शिस्तीने त्यातला चौथा हिस्सा वाचवला, तर वाचले दोन युनिट. दिवा मालवण्याची सवय पिवळ्या बल्बच्या काळातली आहे. त्या काळी तिने खरेच पैसे वाचत. आता दिव्यांत वाचवण्यासारखे फारसे उरलेले नाही.

मग बाकीचे युनिट जातात कुठे? हे मीटरच दाखवतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि किती लुकलुकी म्हणजे एक युनिट, हा आकडा मीटरवर छापलेला असतो. बऱ्याच मीटरवर तो ३२०० असतो. घरातले सगळे बंद करून एकच वस्तू चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा. ९ वॅटचा दिवा लावला तर लाल दिवा दोन मिनिटांतून जेमतेम एकदा लुकलुकेल. साधा पंखा लावला तर मिनिटाला चारदा. गिझर लावला तर मिनिटाला शंभराच्या वर, म्हणजे मोजताना दमछाक होईल. मुलांना हे मोजायला बसवा. कुठे काय खर्च होतो, हे त्यांना बोलण्यांपेक्षा यातून लवकर कळेल.

आता एकेक वस्तू घेऊ. पहिले गरम पाणी. पाणी तापवायला भरपूर ऊर्जा लागते आणि त्यात हातचलाखी चालत नाही. २५ अंशांचे बादलीभर, म्हणजे साधारण १८ लिटर, पाणी ४० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ०.३ युनिट लागते. तेवढ्या विजेत तुमचा ९ वॅटचा दिवा सलग ३५ तास जळेल. चौघांच्या चार बादल्या रोज म्हटल्या तर महिन्याला ४० युनिट झाले. थंडीत नळाचे पाणीच गार येते, म्हणून त्याहून जास्त.

इथे एक समज खोडायला हवा. ‘गिझर तापला की आपोआप बंद होतो, मग चालू राहिला म्हणून काय बिघडले?’ असे पुष्कळ जण म्हणतात. बिघडते ते असे : टाकीतले तापलेले पाणी हळूहळू निवते, तसा गिझर पुन्हा चालू होतो, पुन्हा तापवतो. वापर काहीच नसताना दिवसभर हेच चालते. गिझरवरचे तारेसुद्धा मुख्यतः हीच गळती किती कमी आहे, यावरून मिळतात. १५ लिटरचा, दोन हजार वॅटचा गिझर पंधरा-वीस मिनिटांत आंघोळीपुरता तापतो. तेवढा वेळ आधी लावा, सगळ्यांच्या आंघोळी पाठोपाठ उरकून घ्या आणि बटण बंद करा. तापमानाचा खटका असेल तर तो ५० अंशांच्या आसपास ठेवा. नाहीतरी आपण पाणी उकळते काढतो आणि त्यात गार मिसळत बसतो.

दुसरे पंखे. पंखा फक्त ७५ वॅटचा, म्हणून त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. पण तो चालतो किती? रोज पंधरा तास धरले तर महिन्याला ३४ युनिट. तीन पंखे म्हणजे १०० युनिट. तुमच्या बिलाचा निम्म्याला टेकणारा भाग डोक्यावर फिरतो आहे. ‘पंखा एकवर ठेवला काय नि पाचवर ठेवला काय, वीज तेवढीच’ हे म्हणणे जुन्या, मोठ्या, तापणाऱ्या रेग्युलेटरला बरेचसे लागू होते, कारण वाचलेल्या विजेतली बरीचशी तो स्वतःच उष्णतेत घालवत असे. आताच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरवर वेग कमी केला की वीज खरोखर वाचते.

बाजारात मिळणारे बीएलडीसी पंखे सुमारे ३० वॅटमध्ये साध्या पंख्याएवढा वारा देतात. पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे त्यातून महिन्याला २० युनिट वाचतात. म्हणून जो पंखा सर्वांत जास्त तास फिरतो, तो आधी बदला. पाहुणे आले तरच लागणारा पंखा बदलून काही हाती लागणार नाही. त्याची किंमत वसूल व्हायला वर्षानुवर्षे जातील.

तिसरा फ्रिज. तो रोज एक युनिट घेतो असे ढोबळमानाने धरा. तो बंद करता येत नाही, पण त्याला सुखाने चालू देता येते. मागे हवा खेळायला जागा ठेवा, भांडी निवल्यावरच आत ठेवा आणि दाराचे रबर तपासा. दारात दहाची नोट धरून दार लावा. नोट अलगद ओढून आली तर रबर सैल आहे. गार हवा तिथून बाहेर जाते आणि मोटर जास्त वेळ चालते.

चौथा गुपचूप खाणारा म्हणजे टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स. रिमोटने टीव्ही बंद झाला तरी हा जागाच असतो. दहा वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ७ युनिट. घरातल्या सगळ्या दिव्यांना लागतात जवळजवळ तितके! रात्री भिंतीवरचे बटण बंद करा. याउलट मोबाइलचा रिकामा चार्जर भिंतीत राहिला म्हणून मुलांना रागावत असाल, तर थांबा. चांगल्या चार्जरचा महिन्याचा खर्च पाव युनिटच्याही आत असतो. मिक्सरही आवाजाने घाबरवतो, पण रोज दहा मिनिटे चालून महिन्याला दोन-अडीच युनिटांवर जात नाही.

ज्यांच्याकडे एसी आहे, त्यांच्यासाठी दोन वाक्ये. १६ अंश लावल्याने खोली लवकर गार होत नाही; ती फक्त गरजेपेक्षा जास्त गार होत राहते. तापमान एक अंश वर नेले की सुमारे ६ टक्के वीज वाचते असे ऊर्जा दक्षता ब्यूरोचे सांगणे आहे, आणि म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून नवे एसी सुरू होताच २४ अंशांवर येतात.

आता काकूंची शंका. महावितरणच्या घरगुती बिलात टप्पे आहेत : १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. पण वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांनाच लागतो. तुमचे २३० युनिट झाले तर पहिले १०० स्वस्त दरानेच राहतात, पुढचे १३० तेवढे महाग. एका युनिटाने सगळे बिल उलटेपालटे होत नाही. रीडिंग चार दिवस उशिरा घेतले तरी घाबरू नका. जितके दिवस जास्त, तितकी टप्प्यांची मर्यादाही त्या प्रमाणात वाढवून धरतात.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. तुम्ही वाचवलेला युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतो. दुसऱ्या टप्प्याचा वीज आकार पहिल्याच्या दुपटीहून जास्त असल्यामुळे एकूण बिलाला युनिटांनी भागून जो सरासरी दर येतो, त्यापेक्षा तुमची बचत जास्त असते. शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क लागते, तेही सोबत उतरते. स्थिर आकार मात्र घर बंद ठेवले तरी द्यावाच लागतो. म्हणून युनिट निम्मे झाले तरी बिल बरोबर निम्मे होणार नाही.

बिलावर आणखी एक ओळ असते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. शेवटच्या तारखेच्या बरीच आधीची एक तारीख आणि तिच्यापुढे थोडी कमी रक्कम छापलेली असते. त्या तारखेच्या आत पैसे भरले की तेवढी सवलत मिळते. रक्कम लहान असते, पण तिच्यासाठी काहीच सोडावे लागत नाही.

गॅसचेही गणित उष्णतेचेच आहे. पाण्याला एकदा उकळी फुटली की ते १०० अंशांवरच राहते. आच मोठी ठेवल्याने डाळ लवकर शिजत नाही, पाणी तेवढे वाफ होऊन उडते. म्हणून उकळी येताच आच बारीक करून झाकण ठेवायचे. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास पोहोचते, त्यामुळे अन्न लवकर शिजते. पहिली शिट्टी झाली की आत हवा तो दाब तयार झालेला असतो. पुढची प्रत्येक शिट्टी म्हणजे बाहेर गेलेली वाफ आणि गॅस. तेव्हा शिट्ट्या मोजण्याऐवजी आच बारीक करून मिनिटे मोजा. राजमा, छोले, वाल रात्री भिजत घातले असतील तर ती मिनिटेही कमी होतात. आणि आच पातेल्याच्या बुडाबाहेर येत असेल, तर तेवढा गॅस स्वयंपाकघराची हवा तापवतो आहे असे समजा.

सुरुवात बिनखर्चाच्या कामांपासून करा : गिझरची वेळ, सेट-टॉप बॉक्सचे बटण, फ्रिजचे रबर, कुकरची आच. त्यातून जे पैसे सुटतील, त्यांतून सर्वांत जास्त फिरणारा पंखा बदला. दोन पंखे बदलले की ४० युनिट आणि बाकीच्या सवयींतून आणखी दहा-पंधरा, म्हणजे तुमचे २३० युनिट पावणेदोनशेच्या आसपास यायला हरकत नाही. पडताळा घेताना मात्र रुपये पाहू नका, कारण दर बदलत असतात. युनिट पाहा, आणि तेही गेल्या महिन्याशी नव्हे तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. मेच्या बिलापेक्षा जुलैचे कमी आले, तर त्याचे श्रेय पावसाचे असू शकते. गेल्या जुलैपेक्षा कमी आले, तर ते तुमचे.