जरा, व्याधी आणि देही

श्रीमद्भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील तेराव्या श्लोकात अर्जुनाच्या शोकाचे निवारण करण्यासाठी भगवंतांनी जो दृष्टान्त योजिला आहे, तो प्रत्येकाच्या स्वतःच्या देहातील आहे. बाल्य जाऊन तारुण्य येते, तारुण्य जाऊन वार्धक्य येते. परंतु या तिन्ही अवस्था ज्याच्या, तो देही एकच राहतो. देहान्तराची प्राप्तीही तशीच होय, हे जाणून धीर पुरुष मोह पावत नाही, असा त्या श्लोकाचा आशय आहे. आपण बहुधा देहान्तराच्या प्रश्नाकडे घाईने वळतो आणि दृष्टान्त मागेच राहतो. या पाठात त्या दृष्टान्तातील जरा या अवस्थेचाच विचार करावयाचा आहे.

जरा एखाद्या दिवशी दाराशी येऊन उभी राहते, हा समज खरा नाही. यास्काचार्यांनी निरुक्तात वार्ष्यायणींचे मत म्हणून जे सहा भावविकार सांगितले आहेत, त्यांत जन्मणे आणि असणे यांच्या लगोलग पालटणे येते; वाढणे, क्षीण होणे आणि नाश पावणे ही त्यानंतरची. सुश्रुताचार्यांनी तर वयाचा हिशेबच मांडला आहे. त्यांच्या मते विसाव्या वर्षापर्यंत वाढ, तिसाव्यापर्यंत यौवन, चाळिसाव्यापर्यंत धातू, इंद्रिये आणि बळ यांची संपूर्णता, आणि तेथून सत्तरीपर्यंत थोडीथोडी हानी. म्हणजे मनुष्य स्वतःला भर उमेदीत समजत असतो, तेव्हाच उतार सुरू झालेला असतो.

आधुनिक शरीरशास्त्राचे म्हणणे याहून फारसे निराळे नाही. रक्तातील तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. आतड्याचे आतील अस्तर काही दिवसांतच नवे होते. हाडेदेखील हळूहळू झिजून पुन्हा घडत असतात. मग देह जुना का होतो? कारण ही नवनिर्मिती अमर्याद नाही. 1961 साली लेनर्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखविले की, मानवी देहातून काढून काचपात्रात वाढविलेल्या सामान्य पेशी सुमारे 50 वेळा विभागल्यानंतर पुढे विभागत नाहीत. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोके किंचित आखूड होत जातात, हे त्यामागील एक प्रमुख कारण पुढे समजले. काही अवयवांत तर मुळी बदलीच नसते. डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्मापूर्वी घडलेला असतो, तोच अखेरपर्यंत राहतो. भिंग ताठर होत जाते आणि चाळिशीनंतर पोथी दूर धरावी लागते. कानातील ध्वनिग्राहक पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

येथे एक शंका संभवते. मेंदूतील बहुतेक चेतापेशी जन्मभर त्याच राहतात. तेव्हा ‘बाल्यात होतो तोच मी’ ही ओळख त्यांच्यामुळेच असेल, निराळा देही मानण्याचे कारण काय? शंका योग्य आहे. ती टाळू नये. परंतु पेशी टिकली तरी तिच्यातील द्रव्य बदलतच असते. शिवाय गीता येथे शरीरशास्त्राचा सिद्धान्त सांगत नसून अनुभवाकडे लक्ष वेधते. ‘माझी स्मरणशक्ती पूर्वी तल्लख होती, आता मंदावली’ असे जो म्हणतो, तो स्मरणशक्तीचे दोन्ही पालट जाणणारा आहे. जे जाणले जाते ते आणि जो जाणतो तो एक नव्हेत. श्रीशंकराचार्यांनी या श्लोकाच्या भाष्यात हेच स्पष्ट केले आहे: पहिली अवस्था सरली म्हणून आत्मा सरत नाही आणि दुसरी उपजली म्हणून तो उपजत नाही.

आता तेराव्या अध्यायाकडे वळू. तेथे ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दुःख व दोष वारंवार पाहणे, हे एक लक्षण सांगितले आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी या ठिकाणी वार्धक्याचे विस्तृत वर्णन केले आहे. तारुण्यातच ज्याला ते दिसते तो ज्ञानी, असा त्याचा रोख आहे. या गणनेत जरा आणि व्याधी ही दोन पदे वेगळी आहेत, याकडे गृहस्थाश्रमी वाचकांनी अवश्य लक्ष द्यावे.

जरा हा रोग नव्हे. आणि रोग हा जरा नव्हे. केस पांढरे होणे, चाल मंदावणे, एखादे नाव चटकन न आठवणे ही जरा होय. परंतु वृद्ध मनुष्य एकाएकी गोंधळल्यासारखा बोलू लागला, वारंवार पडू लागला, अकारण रोडावला अथवा नेहमीची घरची वाट विसरू लागला, तर ‘आता वय झाले’ असे म्हणून स्वस्थ बसणे हा अविचार होय. तेथे वैद्याचे साहाय्य घेणे हेच कर्तव्य. जरेलाही उपचार नाही, पण साहाय्य आहे. 1990 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नव्वदीच्या घरातील अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांचा व्यायाम केला असता त्यांचे बळ पुष्कळ वाढल्याचे आढळले. वार्धक्यात तहानेची जाणीव मंदावते; म्हणून त्यांनी मागण्याची वाट न पाहता पाणी पुढे करावे. श्रवण कमी होताना प्रथम उंच स्वर हरपतात, त्यामुळे स, श यांसारखी अक्षरे निसटतात. आवाज येतो, पण शब्द उमगत नाही. अशा वेळी ओरडून उपयोग नाही. समोर बसून, सावकाश बोलावे.

ज्ञानाची खरी कसोटी येथेच लागते. आत्मा अविकारी आहे असे पारायणात म्हणावयाचे, आणि तीच गोष्ट तिसऱ्यांदा विचारणाऱ्या वडिलांवर खेकसावयाचे, हे परस्परविरुद्ध आहे. ज्याची स्मृती अजून शाबूत आहे, तो ‘मी तोच आहे’ असे स्वतः म्हणू शकतो. ज्याची स्मृती व्याधीने हरपली, त्याला तेही म्हणता येत नाही. कधी तो आपल्या मुलालाही ओळखत नाही. तेव्हा तो तोच आहे, हे घरातील इतरांनी त्याच्या वतीने लक्षात ठेवावयाचे असते. त्याला पूर्वीच्याच आदराने हाक मारावी, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तो नसल्यासारखे बोलू नये, आणि त्याची सेवा करणाऱ्या गृहिणीचा भार घरातील सर्वांनी वाटून घ्यावा.

स्वतःच्या जरेचा शोक न करणे हे या श्लोकाचे एक फळ. दुसऱ्याच्या जरेत देहीला न विसरणे हे दुसरे. पहिले साधावयास पुष्कळ अभ्यास लागतो. दुसऱ्याचा आरंभ मात्र आजच, आपल्याच घरी करता येतो.