प्रिएनेचा समुद्र गेला कुठे?

प्रश्न : तुर्कस्तानच्या सहलीत इफिससबरोबर प्रिएनेचे अवशेषही पाहिले. गाईड म्हणाला, हे शहर समुद्रकाठी होतं. पण वर देवळापाशी उभं राहिलं, की खाली नजर पोचेल तिथवर आमच्या वऱ्हाडासारखी कापसाची शेतं! समुद्र गेला कुठे?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : समुद्र कुठेच गेला नाही, जमीन पुढे सरकली. तुम्ही पाहिलंत ते सगळं मैदान मेंदेरेस नदीनं आणून टाकलेल्या गाळाचं आहे. भूगोलात नदीच्या नागमोडी वळणांना ‘मिअँडर’ म्हणतात, ते हिच्याच जुन्या ग्रीक नावावरून. तिच्या मुखाशी मोठी खाडी होती. उत्तरेला प्रिएने, दक्षिणेला मिलेटस. वरच्या भागात जंगलं तुटली, नांगर फिरला, तशी माती आणखी वाहून आली आणि खाडी बुजत गेली.

गाईडचं म्हणणं मात्र अर्धंच खरं. मूळ प्रिएने दुसरीकडे होतं. ते अजून सापडलेलं नाही, बहुधा याच गाळाखाली असावं. डोंगरउतारावरचं हे शहर इसवी सनपूर्व चौथ्या शतकात नव्यानं वसवलं. त्याचं बंदर खाली, वेगळं होतं. दोन हजार वर्षांपूर्वी ग्रीक भूगोलकार स्ट्राबोनं लिहून ठेवलं, की समुद्र प्रिएनेपासून चाळीस स्टेडिया, म्हणजे साधारण ७ किलोमीटर लांब गेला आहे. आज तो १० किलोमीटरहूनही दूर आहे.

बंदर गेलं, व्यापार ओसरला. मला वाटतं, म्हणूनच प्रिएने आपल्याला इतकं स्पष्ट दिसतं. पैसा आला असता तर रोमन काळात जुनं पाडून नवं बांधलं गेलं असतं, जसं इफिससला झालं. इथे ग्रीक काळाची आखणी जवळपास तशीच राहिली. आडवे रस्ते बऱ्यापैकी सपाट, आणि उतारावर चढणाऱ्या गल्ल्यांना दगडी पायऱ्या. नाट्यगृहात पुढच्या ओळीला मानकऱ्यांसाठी संगमरवरी खुर्च्या आहेत. वाकून पाहिलंत तर त्यांचे पाय सिंहाच्या पंजांचे कोरलेले दिसतील. अथेनाच्या देवळाला अलेक्झांडरनं पैसा दिला. त्याच्या नावाचा तो कोरीव लेख मात्र आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आणखी एक जागा सांगतो. इसवी सनपूर्व ४९४ मध्ये लादे बेटापाशी इराणी आणि आयोनियन ग्रीक आरमारांची लढाई झाली. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस सांगतो, की प्रिएनेनं त्यासाठी १२ जहाजं पाठवली होती. पुन्हा गेलात तर मिलेटसलाही जा आणि तिथून पश्चिमेकडे पाहा. शेतांच्या मधोमध एक टेकडी उभी आहे. तेच लादे बेट.