ट्विटर कोण जाळतो?

गॅदरिंगला किंवा हॉस्टेलच्या गणपतीला साऊंड भाड्याने आणायचा म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा?" उत्तर येतं, "पाच हजार वॅट." सगळे खूश! ते पाच हजार अँप्लिफायरचे की स्पीकरचे, आणि कोणत्या पद्धतीने मोजलेले, हे कोणी विचारत नाही. मग कार्यक्रम संपता संपता एका बॉक्समधून नुसतं 'ढब ढब' ऐकू येतं, वरचा आवाज गायब. साऊंडवाला म्हणतो "टॉप उडाला" आणि डिपॉझिटमधून पैसे कापतो. खापर फुटतं ते "अँप्लिफायर जास्त पॉवरचा होता" यावर. पुष्कळदा प्रकार नेमका उलटा असतो.

मित्रांनो, यंत्र म्हणून स्पीकरची एफिशिअन्सी अगदीच गरीब. दिलेल्या विजेपैकी दोन-चार टक्क्यांचा आवाज होतो, बाकीची सगळी व्हॉईस कॉईलमध्ये उष्णता होते. आपल्या लॅबमधलं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. सतत ३०० वॅट घेणाऱ्या वूफरची कॉईल म्हणजे अशी अकरा-बारा आयर्न एका चुंबकाच्या फटीत कोंबलेली. स्पीकर जळतो तो या उष्णतेने, म्हणजे सरासरी पॉवरने. (कागद फाटणे हा वेगळा आजार, त्याचं पुढे बघू.)

आता आकडे घेऊ. ८ ओहमवर २०० वॅट देणारा अँप्लिफायर साईन वेव्हसाठी ४० व्होल्ट आरएमएस देतो, म्हणजे शिखराला सुमारे ५७ व्होल्ट. ही त्याची भिंत, कारण पॉवर सप्लायच तेवढा आहे. संगीतात क्षणिक शिखरं सरासरीपेक्षा साधारण १२ डीबी वर असतात. शिखरं भिंतीला जेमतेम टेकतील एवढा आवाज ठेवला, तर शिखराची क्षणिक पॉवर ४०० वॅट, पण सरासरी फक्त २५! म्हणजे क्लिपचा लाल दिवा लागत नाही तोवर "२०० वॅटचा" अँप्लिफायर बॉक्सला एका सोल्डरिंग आयर्नएवढीच उष्णता देत असतो.

पण पब्लिक ओरडतं, "आवाज वाढव!" मिक्सरवर १० डीबी वाढवले. बासची शिखरं भिंतीवर आपटून सपाट कापली जातात, मधल्या आणि वरच्या पट्टीतला आवाज मात्र त्या मानाने वाढत राहतो. आधी ट्विटरला दोन-तीन वॅट जात असतील, तर आता वीस-तीसच्या घरात जातात. बॉक्सवर ३०० लिहिलेलं असलं तरी आतल्या हाय ड्रायव्हरची स्वतःची क्षमता त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच असू शकते. शिवाय वेव्ह पूर्ण चौकोनी झाली तर २०० वॅटचा अँप्लिफायर ४०० वॅट देऊ शकतो. लहान अँप्लिफायर मोठा बॉक्स जाळतो तो असा.

इथे एक लोकप्रिय समज खोडायला हवा: "क्लिपिंगमुळे डीसी तयार होतो आणि त्याने कॉईल जळते." दोन्ही बाजूंनी सारखी कापलेली वेव्ह फोरिअरने सोडवून बघा, डीसीची टर्म शून्य येते. शिवाय क्रॉसओव्हरमध्ये ट्विटरच्या सिरीजला कपॅसिटर असतो, तो डीसी जाऊच देत नाही. दोष सरासरी वाढल्याचा आहे.

त्यात गंमत अशी की कॉईल तापली की तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला सुमारे ०.३९ टक्क्याने वाढतो. २०० डिग्री वाढ म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. तेवढ्याच व्होल्टेजला पॉवर कमी ओढली जाते, आवाज बसतो, आणि ऑपरेटर तो आणखी वाढवतो. उघड्यावर रात्री दहाला बंद करायचं असतं, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात हे हटकून होतं.

मग जोडी कशी जमवायची? बॉक्सच्या मागे बहुतेक तीन आकडे असतात: कंटिन्यूअस, प्रोग्रॅम, पीक. ते साधारण १:२:४ या प्रमाणात असतात, आणि जाहिरातीत तिसराच सांगतात. खरा आकडा पहिला. ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या १९८४ च्या पद्धतीत ड्रायव्हरला ६ डीबी क्रेस्ट फॅक्टरचा पिंक नॉईज दोन तास देऊन तो काढतात. अँप्लिफायर त्याच इम्पिडन्सला कंटिन्यूअसच्या दीड ते दोन पट असावा, पण क्लिपचा दिवा न लावण्याची शिस्त असेल तरच. लिमिटर असेल तर सोन्याहून पिवळं: ३०० वॅट, ८ ओहमसाठी आरएमएस मर्यादा ४९ व्होल्ट, गणित तुम्ही करालच.

८ ओहमचे दोन बॉक्स पॅरलल म्हणजे ४, चार म्हणजे २ ओहम. ब्रिज मोडमध्ये प्रत्येक चॅनलला लोड निम्माच दिसतो, म्हणजे ४ ओहमचा बॉक्स त्याला २ ओहमचा वाटतो. "ब्रिजला टाक, जोर येईल" म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

अँप्लिफायरचा नॉब ही पॉवरची मर्यादा नव्हे. "अर्ध्यावरच होता, तरी जळाला" हे वाक्य म्हणूनच निरर्थक. नॉब फक्त इनपुट किती कमी करायचं ते ठरवतो. मिक्सरने जोर लावला तर अर्ध्या नॉबवरही भिंत गाठता येते.

जास्त आवाज हवाच असेल तर? ९७ डीबी सेन्सिटिव्हिटीचा बॉक्स २०० वॅटला एक मीटरवर १२० डीबी देईल, १६ मीटरवर उघड्या मैदानात ९६. आणखी ६ डीबी हवे तर पॉवर चौपट, ८०० वॅट. पण ऐकणारे ८ मीटरवर असतील असा बॉक्स हलवला तर तेच ६ डीबी फुकट! मागच्या रांगांसाठी मध्ये वेगळे दोन बॉक्स लावणं हे नॉब पिळण्यापेक्षा केव्हाही शहाणपणाचं.

कागद फाटतो तो बहुधा अतिखोल बासने. पोर्ट असलेल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही. मिक्सरवर हाय-पास फिल्टर असेल तर तो लावा. माईकची शिट्टी मात्र ट्विटरची वैरीण. ती जवळजवळ शुद्ध साईन वेव्ह, म्हणजे सरासरी एकदम वर. आधी फेडर खाली, चर्चा नंतर. चालू करताना अँप्लिफायर सर्वांत शेवटी, बंद करताना सर्वांत आधी.

बॉक्स ताब्यात घेताना मल्टिमीटर लावा. ८ ओहमच्या वूफरला डीसी रेझिस्टन्स साधारण ६ दाखवेल. पण ट्विटर कपॅसिटरच्या मागे असल्याने तो मेलेला असला तरी मीटरला कळत नाही. त्यासाठी अगदी हळू आवाजात गाणं लावून हॉर्नपाशी कान न्यायचा. वर छनछन नसेल तर तिथल्या तिथे साऊंडवाल्याला दाखवून पावतीवर लिहून घ्यायचं, म्हणजे आधीच मेलेल्या ट्विटरचे पैसे आपल्या डिपॉझिटमधून जात नाहीत.