नवी पिल्ले आणायची? आधी वेगळी जागा बघा

मागच्या महिन्यात विहारात वंदना आटोपल्यावर हनुमाननगरातल्या एका ताईंनी आम्हाला बाजूला घेतले. घरामागे त्यांच्या पाच गावठी कोंबड्या. दोन म्हाताऱ्या झाल्या, अंडी बंद. "सहा पिल्ले आणू का?" एवढाच प्रश्न. आम्ही उलट विचारले, "ताई, तीन-चार आठवडे ती कोंबड्यांपासून लांब ठेवायला दुसरी जागा आहे?" ताई गप्प झाल्या.

जागा नसेल तर बाहेरची पिल्ले आणू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. किंमत, खाद्य, जात हे प्रश्न त्यानंतरचे.

खिंडीपाड्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. पोराने हट्ट धरला म्हणून एका घरात टोपलीवाल्याकडून रंगवलेली चार पिल्ले आली. त्याच रात्री ती कोंबड्यांच्या खुराड्यात गेली. आठवड्याभरात पिल्ले मेली आणि मग कोंबड्या लागल्या. हिरवट पातळ हगवण, घरघर, मान वाकडी. सातपैकी एक उरली. अंडी विकून त्या घरात पोरांच्या वह्या येत होत्या.

लक्षणे मानमोडीची होती. हिलाच राणीखेत म्हणतात. रोग अंगात शिरल्यापासून दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी पंधराही. म्हणून आज टवटवीत दिसणारे पिल्लू निरोगी असेलच असे नाही. सर्दीचे काही रोग तर बऱ्या झालेल्या पक्ष्याच्या अंगातही दडून राहतात. उलट बाजूनेही धोका आहे. जुन्या कोंबड्यांच्या विष्ठेत रक्ती हगवणीचे जंतू असतात. कोंबड्यांना त्यांची सवय झालेली असते, पिल्लांना मात्र ते झेपत नाहीत. जमीन ओली असली तर जास्तच. रंगीत पिल्लांबद्दल आणखी एक. अंड्यांसाठी पिल्ले काढणाऱ्या हॅचरीत नर नको असतात. बहुतेक तेच रंगवून स्वस्तात विकतात. त्यांच्याकडून अंड्याची आशा कशाला?

बर्ड फ्लू आपल्यापासून लांब आहे, असेही समजू नका. देशात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा सापडला तो 2006 च्या फेब्रुवारीत, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. 2021 च्या जानेवारीत मुंबईतल्या मेलेल्या कावळ्यांत निघाला. 2022 मध्ये शहापूरजवळ वेहळोलीत आला, 2025 च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला. रोग नक्की झाला की साधारण एक किलोमीटरच्या आतले कोंबड्यांसारखे सगळे पाळीव पक्षी मारावे लागतात. आपल्या डोंगरावर एक किलोमीटरात किती घरे येतात ते मोजून पाहा. म्हणजे हा निर्णय एकट्या घराचा राहत नाही. अचानक पक्षी पटापट मरू लागले तर हात लावू नका, कापून खाऊ नका, नाल्यात टाकू नका. पशुसंवर्धन विभागाला 1962 वर कळवा.

आता जागा आहे असे धरू. पिल्ले माहितीच्या हॅचरीतून, लस दिलेली घ्यावीत. पुण्यात खडकीला सरकारचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. पहिल्या आठवड्यात खोक्यात 35 अंशांच्या आसपास ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी कमी करायची. थर्मामीटर नसेल तर पिल्लांकडे बघा. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजते, कोपऱ्यात पांगली तर उकडते. खाद्य पिल्लांचेच द्या. अंड्यावरच्या कोंबडीच्या खाद्यात कॅल्शियम जास्त असते, त्याने पिल्लांची किडनी बिघडते. भांडी वेगळी. रोज आधी पिल्लांचे करा, मग कोंबड्यांचे, आणि मधे चप्पल बदला. तीन-चार आठवडे निरोगी गेले तरी लगेच एकत्र सोडू नका. मधे जाळी ठेवून एकमेकांना दिसू द्या. पिल्ले दोन महिन्यांची, अंगाने भरलेली झाली की मिसळा. नाहीतर मोठ्या कोंबड्या टोचून मारतात.

लशीची अडचण वेगळीच असते. मानमोडीची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब घालून देतात, पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे. पण बाटली असते शंभर किंवा जास्त मात्रांची आणि कालवल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते. सहा पिल्लांसाठी ती कोण फोडणार? म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी पिल्ले आणावीत, एकाच दिवशी लस घ्यावी. पोलिओच्या डोसासारखी ती बर्फातूनच आणायची. विचारायला परळचे बैलघोडा हॉस्पिटल आहे, लोकलने सरळ जाता येते.

माणसांचेही बघा. दहा बाय बाराच्या खोलीत पलंगाखाली पिल्लांचे खोके आम्हाला मान्य नाही. पिसांच्या आणि विष्ठेच्या धुळीने दमेकऱ्याला त्रास होतो. निरोगी पिल्लाच्या विष्ठेतही हगवणीचे जंतू असू शकतात. पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नका आणि हाताळल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवा. पिल्लांची भांडी मोरीत जेवणाच्या भांड्यांबरोबर घासायची नाहीत.

जागा नसलेल्यांना एक जुना मार्ग आहे. कोंबडी खुडूक बसली की तिच्याखाली आपल्याच कळपातली दहा-बारा अंडी ठेवा. कळपात कोंबडा मात्र हवा. एकविसाव्या दिवशी पिल्ले निघतात. बाहेरचा रोग घरात येत नाही, बल्ब लागत नाही, आणि मोठ्यांच्या टोचण्यापासून आईच त्यांना राखते. मानमोडीची लस मात्र या पिल्लांनाही द्यायची.

हनुमाननगरच्या ताईंची एक कोंबडी गेल्या आठवड्यात खुडूक बसली. कोंबडा शेजारच्या घरचा. अकरा अंडी ठेवली आहेत.